दारिद्र्य आणि विवेक : गोपाळ गणेश आगरकर

गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळील टेंभू या खेड्यात झाला. घरची स्थिती अत्यंत हलाखीची. कऱ्हाडच्या मुन्सफ कचेरीत त्यांनी काही काळ उमेदवारी केली. शिक्षणाच्या ओढीने ते रत्नागिरीस पायी गेले. परंतु तेथे जम बसला नाही. अखेर अकोल्यास नातलगांच्या आश्रयाने ते १८७५ मध्ये मॅट्रिक झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिष्यवृत्ती, बक्षिसे आणि वृत्तपत्रीय लेखन यांवर त्यांनी गुजराण केली. एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी तोच घालीत, ही त्या काळची आठवण सर्वश्रुत आहे.

अशा बालपणातून संपत्तीची न शमणारी आस उपजू शकते. किंवा फार थोड्यात भागते, ही खात्रीही. आगरकरांच्या ठायी दुसरी गोष्ट घडली. मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा धरू नये, असे त्यांनी आईला पत्राने कळविले आणि १८८१ मध्ये ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये रुजू झाले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणी भोगलेला तुरुंगवास आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढल्यावर झालेला लोकक्षोभ त्यांनी निर्भयपणे सोसला. ज्याच्या गरजा अल्प, त्याला धाक घालणे अवघड असते.

तथापि, आगरकरांनी दारिद्र्याचे गोडवे कधी गायिले नाहीत. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत वेतनवाढीचा प्रश्न निघाला, तेव्हा टिळकांनी कठोर त्यागाचा पुरस्कार केला. आगरकरांनी मात्र सभासदांच्या कुटुंबांच्या गरजा लक्षात घ्याव्यात, असा आग्रह धरला. टिळकांच्या भूमिकेत ध्येयनिष्ठा होती, यात शंका नाही. परंतु स्वेच्छेने पत्करलेली गरिबी आणि मुलाबाळांवर लादली जाणारी गरिबी यांतील अंतर आगरकरांनी बालपणीच अनुभवले होते. स्वतःपुरता त्याग आणि इतरांसाठी न्याय, हा विवेक त्यांनी त्या अनुभवातूनच कमावला, असे म्हणावेसे वाटते.

दम्याने जर्जर झालेले आगरकर १८९५ मध्ये, वयाची चाळिशीही न गाठता, निवर्तले. स्वतःच्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुरचुंडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. आपला भार कोणावर पडू नये, ही हलाखीच्या दिवसांची शिकवण त्यांनी अखेरपर्यंत पाळली.