धारातीर्थी पडलेला वीर : नाईक यशवंत घाडगे

महाराष्ट्रातील कितीतरी जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाईत पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेले नसते. दगड गावाने जपला, पण वीराचे नाव काळाच्या ओघात हरवले. नाईक यशवंत घाडगे यांच्या बाबतीत नेमके उलट घडले. त्यांचे नाव जगाच्या युद्धेतिहासात नोंदले गेले. परंतु त्यांचा देह कोठे विसावला, हे कोणासही ठाऊक नाही. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्यांचे स्मरण करणे उचित ठरेल.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी माणगाव तालुक्यातील पळसगावच्या परिसरात झाला. तेव्हाचा तो कुलाबा जिल्हा म्हणजेच आजचा रायगड जिल्हा. कोकणातील आणि घाटावरील खेड्यांतून मराठा पलटणीत भरती होण्याची परंपरा जुनी आहे. त्याच वाटेने यशवंतराव पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत दाखल झाले. तिसऱ्या पलटणीत ते नाईकाच्या हुद्द्यास पोहोचले आणि एका लहान तुकडीचे नायकत्व त्यांच्याकडे आले.

तो काळ मोठा कठीण होता. देश पारतंत्र्यात होता. १९४२ च्या आंदोलनात अनेक तरुण तुरुंगात गेले होते, तर दुसरीकडे लाखो तरुण परक्या सरकारच्या फौजेत राहून हिटलर आणि त्याच्या साथीदारांच्या सैन्याशी झुंजत होते. एकट्या इटलीच्या मोहिमेत पन्नास हजारांहून अधिक भारतीय जवान लढले आणि त्यांतील ५,७८२ जवान पुन्हा घरी आले नाहीत. राज्य परक्याचे होते, म्हणून या जवानांचे शौर्य परके ठरत नाही. त्यांचे इमान पलटणीशी आणि शेजारी लढणाऱ्या सोबत्याशी होते.

जून १९४४ मध्ये रोम दोस्तांच्या हाती आले. जर्मन फौजा उत्तरेकडे हटू लागल्या. मात्र प्रत्येक टेकडीवर त्या मोर्चे बांधून कडवा प्रतिकार करीत होत्या. तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी मराठ्यांच्या एका कंपनीने अशाच एका भक्कम ठाण्यावर हल्ला चढविला. यशवंतरावांची तुकडी पुढे सरकत असतानाच अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. तुकडीतील एकूण एक जवान ठार वा जखमी झाला. उभे राहिले ते एकटे यशवंतराव.

मागे हटले असते, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. सोबतीला कोणी उरलेले नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही क्षणाचा विलंब न लावता ते मशीनगनच्या रोखाने धावले. प्रथम हातबॉम्ब फेकून त्यांनी ती मशीनगन आणि ती चालविणारा सैनिक दोन्ही निकामी केले. मग आपल्या टॉमीगनने आणखी एकास टिपले. गोळ्या संपल्या. नवी मॅगझिन चढविण्यास उसंत नव्हती. तेव्हा त्यांनी बंदुकीची नळी हातात धरली आणि दस्त्याचे घाव घालून उरलेल्या दोघांना ठार केले. इतक्यात दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत घुसल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच यशवंतरावांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस वर्षांचे.

२ नोव्हेंबर १९४४ रोजी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ते हयात असते, तर दोन आठवड्यांनी त्यांना तेविसावे वर्ष पूर्ण झाले असते. पुढे १९४५ मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी ते पदक वीरपत्नीच्या हाती दिले. पदकाचा मान फार मोठा होता. पण त्या माउलीने त्यासाठी काय गमावले, याचे मोल कोणत्याही सरकारला करता येण्यासारखे नव्हते.

त्याच रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीतील शिपाई नामदेव जाधव यांनीही ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतच सेनिओ नदीकाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. ते निमजचे, म्हणजे आपल्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे सुपुत्र. नामदेवराव जखमी होऊनही वाचले, मायदेशी परतले आणि १९८४ पर्यंत जगले. यशवंतरावांच्या नशिबी घरचा उंबरा नव्हता.

इटलीतील कॅसिनो येथे एक स्मारक आहे. ज्यांची थडगी सापडत नाहीत, अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावे तेथे कोरलेली आहेत. त्यांत यशवंतरावांचेही नाव आहे. माणगावला तहसील कचेरीच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. ज्या खोऱ्यात त्यांनी देह ठेवला, तेथील मोंतोने गावच्या लोकांनी २०२३ च्या जुलै महिन्यात त्यांच्या नावाने छायेवरून वेळ दाखविणारे सूर्यघड्याळ उभारले. आपण सारे एकाच सूर्याखाली नांदतो, असा भाव त्यावर कोरला आहे. जवळजवळ ऐंशी वर्षांनी परमुलखातील एका गावाने आपल्या मातीतील मुलाची आठवण ठेवली, ही गोष्ट अंतःकरणास स्पर्श करून जाते.

देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे केवळ नवा कळस आणि नवी फरशी नव्हे. आवारात एखादा झिजलेला वीरगळ असेल, तर तो पायरीत वा भिंतीत न चिणता मानाने उभा करावा आणि सणावाराला त्याच्यापुढे एक पणती लावावी. त्या दगडातील वीराचे नाव आपणास ठाऊक नाही. यशवंतरावांचे नाव ठाऊक आहे, पण त्यांचा दगड येथे नाही. एकाच पणतीच्या उजेडात दोघांचेही स्मरण होईल.

या शूर सुपुत्रास आदरपूर्वक अभिवादन!