पेंटर, पण कॅमेरा बनवणारा!

नाशिककरांना सिनेमा म्हटलं की दादासाहेब फाळके आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण मी पडलो मेकॅनिकलवाला. त्यामुळे मला जास्त ओढ वाटते ती कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांची.

३ जून १८९० चा जन्म. मूळ आडनाव मेस्त्री. कारागिरी घरातच होती, त्यामुळे आर्ट स्कूलची पायरी न चढताही बाबूराव चित्रकार झाले. बंधू आनंदरावांबरोबर ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. १९१३ मध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांनाही सिनेमाने झपाटलं. विकतचा कॅमेरा परवडणारा नव्हता. मग काय, घरीच बनवायचा!

हे वाटतं तेवढं सोपं नाही बरं का. फिल्म सलग पळून चालत नाही. मूकपटाच्या काळात ती सेकंदाला साधारण १६ वेळा थांबायची, चित्र उमटलं की पुढे सरकायची. थिअरी ऑफ मशिन्समधलं जिनिव्हा मेकॅनिझम आठवा, प्रोजेक्टरमध्ये तेच असायचं. कॅमेऱ्यालाही हे थांबणं-सरकणं अचूक साधावं लागतं.

काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी हिंमत सोडली नाही. शिष्य दामले यांना हाताशी धरून त्यांनी १९१८ मध्ये कॅमेरा पूर्ण केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा दिला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला.

चित्रकाराची नजर त्यांनी इथेही सोडली नाही. आधी दृश्यांची स्केचेस काढायची, मग शूटिंग. पोस्टर्सही स्वतः रंगवायचे. सगळे पौराणिक चित्रपट काढत असताना १९२५ मध्ये त्यांनी 'सावकारी पाश'मध्ये जमीन गमावलेला शेतकरी दाखवला. तो फारसा चालला नाही. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात' काढली. पुढे बाबूरावांची कंपनी बंद पडली. ते पुन्हा चित्रांकडे आणि शिल्पांकडे वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी ते गेले.

'प्रभात'चं नाव आजही निघतं. पण ती माणसं घडली बाबूरावांच्या हाताखाली, हे मला फार मोठं वाटतं. तेव्हा दोस्तांनो, वर्कशॉपचा जॉब बाहेरून करून आणण्याआधी या पेंटरला एकदा आठवा!