फ्रीड्रिख फ्रोबेल : बालोद्यानाचा जनक

लहान मुलांस खेळवीत शिकविणाऱ्या शाळा आता आमच्या पुष्कळ गावी आहेत. कोणी त्यांस बालवाडी म्हणतात, कोणी बालकमंदिर म्हणतात, आणि शहरांतून तर किंडरगार्टन हा जर्मन शब्दच सर्रास रूढ झाला आहे. त्या शब्दाचा अर्थ मुलांची बाग इतकाच आहे. परंतु हा शब्द ज्याने प्रथम उच्चारला तो पुरुष कोण, त्याचे आयुष्य कसे गेले आणि ते कोणत्या दुःखात संपले हे आमच्या मंडळ्यांतील फारच थोड्या बंधुभगिनींस ठाऊक असेल. तो एका पाळकाचा मुलगा होता, म्हणून त्याची हकिकत आमच्या वाचकांपुढे ठेवण्यास आम्हांस विशेष आनंद वाटतो.

फ्रीड्रिख फ्रोबेल ह्याचा जन्म जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात ओबरवाइसबाख नावाच्या डोंगराळ गावी ता. २१ एप्रिल १७८२ रोजी झाला. तो नऊ महिन्यांचा असतानाच त्याची आई वारली. बाप ल्यूथरपंथी मंडळीचा पाळक होता. मनुष्य सरळ व कर्तव्यदक्ष, परंतु अनेक खेड्यांत विखुरलेल्या आपल्या कळपाची काळजी वाहता वाहता घरच्या मेंढराकडे पाहण्यास त्यास सवड नसे. (हे वाक्य लिहिताना आमची लेखणी थोडी अडखळली, हे कबूल केले पाहिजे.) पुढे बापाने दुसरे लग्न केले. सावत्र आईने प्रथम ह्या पोरक्यास जवळ घेतले, पण स्वतःचे मूल होताच तिचा जीव ह्याच्यावरून उडाला. ती त्याच्याशी बोलताना तू असे न म्हणता, एखाद्या परक्याविषयी बोलावे तसे तो असे म्हणू लागली. त्या एका शब्दाच्या बदलाने त्या बालकाच्या काळजात जे शल्य रुतले ते त्याने म्हातारपणापर्यंत विसरले नाही.

पाळकाचे घर मंदिर, भिंती व कुंपणे ह्यांच्यामध्ये दडलेले होते. घराबाहेर हिंडण्याची मुलास फारशी मोकळीक नव्हती. बागेतली झाडे आणि डोक्यावरचे आभाळ हेच काय ते त्याचे सोबती. बापाने त्यास वाचावयास शिकविले, पण त्यात बापाची व मुलाची दोघांचीही पुरती दमछाक झाली, आणि मुलगा मंद बुद्धीचा आहे असे बापाने ठरवून टाकले. गावातल्या मुलांच्या शाळेत न घालता त्याने त्यास मुलींच्या शाळेत धाडले. तेथे पहिल्याच दिवशी मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील, देवाचे राज्य आधी शोधावे ह्या अर्थाचे वचन मुली एका सुरात म्हणत होत्या. ते त्या लहानग्याच्या कानी पडले व कायमचे राहिले. त्याचा वडील भाऊ ख्रिस्टोफ हा ईश्वरविद्या शिकत असे. तो सुट्टीत घरी आला की ह्यास घेऊन झाडाझुडपांत बसे. एकदा त्याने एका झुडपाच्या कळीतले जांभळट तंतू दाखवून फुलांची रचना समजावून सांगितली. ज्या मुलास वर्गात काही येत नव्हते त्यास त्या कळीत जणू सारी सृष्टी उलगडली. शिकविणाऱ्याने पदार्थ हाती द्यावा आणि मुलाने स्वतः पाहून विचारावे, ही गोष्ट फ्रोबेल कोणत्याही ग्रंथातून शिकण्यापूर्वी भावाजवळ शिकला होता असे आम्हांस वाटते.

दहाव्या वर्षी त्याच्या मामाने त्यास आपल्या घरी नेले. मामा श्टाटइल्म येथे मंडळ्यांचा अधीक्षक होता व मायाळू होता. तेथे ह्यास बरोबरीच्या मुलांबरोबर खेळावयास मिळाले. त्यानंतरची वर्षे अशीच इकडून तिकडे गेली. १७९७ साली त्यास एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीस ठेविले. तेथे शिकविणारा कोणी नव्हता, पण रान होते. मग १७९९ साली तो येना येथील विद्यापीठात गेला. तेथे हातउसने दिलेले पैसे परत न आल्यामुळे त्याच्यावर तीस थालरांचे कर्ज झाले, आणि त्यापायी विद्यापीठाच्या तुरुंगात त्याला नऊ आठवडे काढावे लागले. पैशाचा व्यवहार त्यास जन्मभर साधला नाही हे येथेच सांगून ठेवितो.

१८०५ साली शिल्पशास्त्र शिकण्याच्या हेतूने तो फ्रांकफुर्ट शहरी आला. तेथे ग्रूनर नावाच्या एका शाळाप्रमुखाने त्यास ओळखले आणि इमारती बांधण्याचा नाद सोडून शिक्षक हो असा आग्रह केला. फ्रोबेल वर्गात उभा राहिला आणि आपली जागा हीच, हे त्यास त्याच घटकेस उमगले. त्या काळी स्वित्झर्लंडातील इव्हर्दों गावी पेस्तालोझी हा थोर शिक्षक नव्या पद्धतीची शाळा चालवीत असे. फ्रोबेल तेथे प्रथम थोडे दिवस, आणि पुढे १८०८ पासून १८१० पर्यंत तीन विद्यार्थ्यांसह राहिला. गुरूविषयी त्याचा आदर कधी कमी झाला नाही, परंतु त्या शाळेत एका विषयाचा दुसऱ्याशी सांधा जुळत नाही असे त्यास दिसून आले. उलट तेथील मुले मैदानात खेळत तेव्हा त्यांच्या अंगी जो हुरूप, जो एकोपा व जी शिस्त येई ती वर्गात येत नसे, हेही त्याने तेथेच न्याहाळिले.

मग गोटिंगेन व बर्लिन येथे तो खनिजशास्त्र शिकला. १८१३ साली नेपोलियनाविरुद्धच्या युद्धात तो स्वयंसेवक म्हणून गेला. तेथे लांगेथाल व मिडेनडोर्फ हे ईश्वरविद्येचे दोन विद्यार्थी त्यास भेटले. ते त्याचे जन्माचे सोबती झाले. युद्धानंतर बर्लिनच्या खनिजसंग्रहालयात त्यास चाकरी मिळाली. स्फटिकांचे कोन व पृष्ठे हाताळीत तो तासन्‌तास बसे. निर्जीव दगडही नियमाने वाढतो, तर मनुष्याचे लेकरू नियमावाचून कसे वाढेल, हा विचार तेव्हापासून त्याच्या मनात घोळू लागला.

इतक्यात घरची हाक आली. वडील भाऊ ख्रिस्टोफ हा ग्रीसहाइमचा पाळक झाला होता. १८१३ साली आजारी शिपायांची शुश्रूषा करताना त्यास ज्वराची बाधा होऊन तो मरण पावला. त्याच्यामागे तीन मुलगे राहिले. फ्रोबेलाने नोकरीचा राजीनामा दिला आणि १८१६ च्या नोव्हेंबरात ग्रीसहाइम येथे आपल्या पाच पुतण्यांस घेऊन शाळा उघडली. नाव मात्र ठेविले अखिल जर्मन शिक्षणसंस्था! पाच विद्यार्थी आणि एवढे नाव. पुढल्या वर्षी शाळा कैलहाऊ ह्या खेड्यात गेली. मिडेनडोर्फ व लांगेथाल येऊन मिळाले. दुसरा भाऊ ख्रिस्टियान आपली सारी जिंदगी घेऊन बायकामुलांसह तेथे राहावयास आला. १८१८ साली फ्रोबेलाने बर्लिनच्या विल्हेल्मिना हॉफमाइस्टर ह्या सुशिक्षित बाईशी लग्न केले. कैलहाऊची मुले ओढ्यांस बांध घालीत, झोपड्या उभारीत, डोंगर चढत, आणि मग वर्गात येऊन जे पाहिले त्याविषयी प्रश्न विचारीत. परंतु अन्न साधे, कपडे साधे आणि देणेकरी दारात. फ्रोबेल स्वभावाने हट्टी होता. आपल्या कल्पनेपुढे दुसऱ्याच्या पोटाचा विचार त्यास सुचत नसे, आणि त्याच्या माणसांनी त्याच्याकरिता जे सोसले ते त्याच्या कीर्तीत मोजले जात नाही, हा अन्याय होय. त्यातच प्रशियन सरकारास ह्या शाळेविषयी राजद्रोहाचा संशय आला. चौकशीस आलेल्या अधिकाऱ्याने, स्वतः धर्मखात्यातला असून, शाळेविषयी उत्तम अहवाल दिला. तरी भिऊन आईबापांनी मुले काढून नेली. साठाच्या जवळ गेलेली संख्या १८२९ साली पाचावर आली. मधल्या काळात, १८२६ साली, मनुष्याचे शिक्षण हा त्याचा मोठा ग्रंथ छापून निघाला होता. तो वाचावयास कठीण आहे, हे आम्ही स्पष्टच सांगतो.

१८३१ पासून पाच वर्षे त्याने स्वित्झर्लंडात काढिली. बुर्गडोर्फ येथील अनाथगृह चालविताना त्यास एक गोष्ट कळून चुकली. शाळेत मूल येते तोवर उशीर झालेला असतो. त्याचे हात, डोळे, जीभ व मन ह्यांची घडण त्याआधीच्या चारपाच वर्षांत होऊन गेलेली असते, आणि त्या वर्षांकडे कोणी पाहत नाही. ज्याच्या स्वतःच्या त्या वर्षांकडे कोणी पाहिले नव्हते त्यानेच हे ओळखावे ह्यात नवल ते काय?

पत्नीच्या आजारामुळे तो १८३६ साली परतला, व १८३७ साली ब्लांकनबुर्ग येथे त्याने खेळण्यांचा कारखाना काढला. ही खेळणी त्याने देणग्या ह्या नावाने क्रमवार रचिली होती. पहिली देणगी सहा रंगांचे सहा मऊ लोकरीचे चेंडू. तान्ह्या मुलाच्या मुठीतही ते बसतात. दुसरी देणगी लाकडाची : एक गोल, एक घन व त्या दोहोंचे गुण असलेला एक दंडगोल. गोल कसाही ठेविला तरी घरंगळतो, घन जेथे ठेवाल तेथे बसतो, आणि दंडगोल उभा केला तर बसतो व आडवा केला तर घरंगळतो. हे मुलास सांगावयाचे नसते. त्याने ते करून पाहावयाचे असते. तिसरी देणगी म्हणजे पेटीत बसविलेला एक मोठा घन, पण त्याचे आठ लहान सारखे घन होतात. मूल कोणतीही वस्तू फोडून आत काय आहे ते पाहते आणि आपण त्यास चापटी मारितो. फ्रोबेलाने त्यास फोडता येईल व पुन्हा जोडता येईल अशी वस्तूच दिली. त्या आठ तुकड्यांचा मूल खाट करील, जिना करील, मंदिर करील. मग फुलासारखी नक्षी मांडील. मग अर्धा, पाव व आठवा हिस्सा बोटांनीच शिकेल. नियम इतकाच की आठही तुकडे कामी लागावेत, आणि नवी आकृती करताना जुनी पाडून टाकू नये, एकेक तुकडा सरकवून तिच्यातूनच नवी काढावी. बेंदराच्या दिवशी आमची खेड्यातली मुले मातीचे बैल करितात, त्यांचीच मग गाडी होते व खळे होते. तो खेळ पाहिलेल्या वाचकास फ्रोबेलाचे मर्म समजण्यास अडचण पडू नये. त्याच्या शाळेत प्रत्येक मुलाचा स्वतःचा एक वाफा असे आणि सर्वांचा मिळून एक मोठा. पेरलेले कधी उगवते हे पाहण्याकरिता वाट पाहावी लागते, हेही मूल त्यातच शिके.

१८३९ साली पत्नी निवर्तली. पुढल्या वसंतात मिडेनडोर्फ व बारोप ह्या सोबत्यांबरोबर डोंगरावरून ब्लांकनबुर्गकडे येत असता, आपल्या संस्थेस शोभेल असे नाव काही सुचत नाही म्हणून तो खिन्न होता. खाली दरी पसरलेली पाहताच त्याचे पाऊल थांबले, आणि मुलांची बाग हे नाव त्याने मोठ्याने उच्चारिले. ता. २८ जून १८४० रोजी त्या नावाने संस्था स्थापन झाली. दहा दहा थालरांचे भाग घेण्याविषयी त्याने जर्मनीतील स्त्रियांस विनंती केली, पण भाग फारच थोडे खपले. तरी तो गावोगाव हिंडत राहिला. लहान मुलांचे शिक्षक पुरुषच असले पाहिजेत ही समजूत टाकून त्याने तरुण स्त्रियांस हे काम शिकविण्यास आरंभ केला, आणि १८४४ साली आयांकरिता गाण्यांचे व बोटांच्या खेळांचे एक पुस्तक काढिले. १८४९ साली लीबेनश्टाइन येथे गावची पोरे गोळा करून हा पांढऱ्या केसांचा गृहस्थ टेकडीवर नाचे व गाई. लोक त्यास वेडा म्हातारा समजत. तेथे आलेल्या बेर्टा फोन मारेनहोल्ट्स-ब्यूलो ह्या सरदार घराण्यातील बाईने मात्र थांबून विचारपूस केली. ती त्याची शिष्या झाली. पुढे मारिएनथाल येथील एक वाडा त्यास शाळेकरिता मिळाला, व १८५१ साली आपल्या शिष्यांपैकी लुईझा लेव्हिन हिच्याशी त्याने दुसरे लग्न केले.

आता बरे दिवस आले असे वाटत असतानाच घाव बसला. ता. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाचा शिक्षणमंत्री फोन राउमर ह्याने राज्यातील सर्व किंडरगार्टनांस बंदी केली. कारण असे दिले की ह्या शाळा नास्तिकता व समाजसत्तावाद शिकवितात. खरी गोष्ट अशी होती की फ्रोबेलाचा पुतण्या कार्ल ह्याने मुलींच्या उच्च शिक्षणाविषयी व किंडरगार्टनाविषयी एक पुस्तिका छापिली होती, आणि मंत्र्याने काकास व पुतण्यास एकच ठरविले. फ्रोबेलाने खुलासा केला, राजाकडे अर्ज केला. पण हुकूम फिरला नाही. ज्याने आयुष्यभर मुलांस फुलात व दगडात देवाचा हात दाखविला त्याच्यावर नास्तिकतेचा आळ यावा! त्याची सर्व मते आम्हांस मान्य आहेत असे नाही. मनुष्यस्वभावातील पापाविषयी तो फार थोडे बोलतो, आणि त्याच्या लिखाणात निसर्ग व निसर्गाचा कर्ता ह्यांमधली रेघ कधी कधी पुसट होते. परंतु मतभेद वेगळा आणि आळ वेगळा. चौकशी न करिता शिक्का मारण्याची घाई त्या मंत्र्यासच झाली होती असे नाही, धर्मसेवक म्हणविणाऱ्या आम्हां लोकांसही ती होते.

१८५२ च्या एप्रिलात मारिएनथालच्या विद्यार्थिनींनी त्याचा सत्तरावा वाढदिवस फुलांनी साजरा केला. त्यानंतर गोटा येथील शिक्षकांच्या परिषदेत तो शिरताच सारी सभा उठून उभी राहिली. हा मान त्यास थोडा अगोदर मिळता तर! शेवटच्या दुखण्यात तो खिडक्या उघड्या ठेवावयास लावी आणि फुलझाडांची निगा राखा म्हणून सांगे. ता. २१ जून १८५२ रोजी त्याने प्राण सोडला. श्वाइना येथील त्याच्या थडग्यावर खाली घन, त्यावर दंडगोल व त्यावर गोल अशा आकाराचा दगड आहे. ती कल्पना मिडेनडोर्फाची. तो विश्वासू मित्रही पुढल्याच वर्षी वारला.

बंदी १८६० साली उठली. तोवर बी दुसरीकडे जाऊन पडले होते. १८५६ साली मार्गारेटा शुर्त्स ह्या जर्मन बाईने अमेरिकेत वॉटरटाउन येथे आपल्या घरीच किंडरगार्टन काढिले, १८६० साली एलिझाबेथ पीबडी बाईंनी बोस्टन येथे काढिले, आणि १८७३ साली सेंट लुइस शहराच्या सरकारी शाळांत ते सुरू झाले. मारेनहोल्ट्स बाई तर देशोदेशी हिंडली. अनुयायांनी पुढे पुढे देणग्यांचे कर्मकांड केले, ठोकळा अमुक वेळी अमुकच बाजूस ठेवावा असे शिक्षिका हुकूम सोडू लागल्या. गुरूच्या हेतूच्या हे अगदी उलट झाले.

आमच्या महाराष्ट्राचा ह्या गोष्टीशी संबंध पंडिता रमाबाई ह्यांच्यामुळे जडला. आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदानास म्हणून १८८६ साली त्या फिलाडेल्फियास गेल्या, आणि तेथे राहून त्यांनी फ्रोबेलाच्या पद्धतीचे शिक्षण घेतले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावीस होते. संस्कृत शास्त्रांत कलकत्त्याच्या पंडितांनी जिचा गौरव केला होता ती विदुषी लाकडी ठोकळे मांडण्याचा अभ्यास करीत बसली. ता. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडिले, तेव्हा ही विद्या त्या बरोबर घेऊन आल्या होत्या.