हाइनरिख श्लीमान : पुस्तकाच्या आधाराने भाषा शिकलेला माणूस



मुलाला इंग्रजी यायला हवं असेल तर घरात कुणीतरी इंग्रजी बोलणारं पाहिजे, नाहीतर चांगला क्लास तरी पाहिजे, असं आपण सगळेच धरून चालतो. पण आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी यातलं काहीच नसतं. आई शेतावर, वडील कामावर, घरात बोलणं मराठीतून. पालकसभेत असे पालक संकोचाने सांगतात की आम्हालाच येत नाही, तर पोराचा अभ्यास कसा घेणार? अशा पालकांना सांगता येईल अशी एका माणसाची गोष्ट आज पाहू या. हा माणूस जर्मनीचा. जगाला तो ट्रॉयचे उत्खनन करणारा म्हणून माहीत आहे. पण उत्खननाच्या कितीतरी आधी तो एक गरीब नोकर होता आणि पुस्तके वाचून एकामागून एक परक्या भाषा शिकत होता.

बालपण आणि किराणा दुकान

हाइनरिख श्लीमानचा जन्म ६ जानेवारी १८२२ रोजी उत्तर जर्मनीतील नॉयबुको या छोट्या गावी झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. घरात मुले पुष्कळ आणि पैसा कमी. हाइनरिख नऊ वर्षांचा असताना त्याची आई वारली. पुढे वडिलांची नोकरीही अडचणीत आली. चांगल्या शाळेत घातलेल्या मुलाला तिथून थोड्याच महिन्यांत काढून साध्या शाळेत टाकावे लागले आणि चौदाव्या वर्षी त्याचे शिक्षण संपलेच.

मग फ्युर्स्टेनबर्ग गावातल्या एका किराणा दुकानात तो कामाला लागला. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत दुकान झाडायचे, मासे, लोणी, दूध, मीठ विकायचे. वाचायला वेळच नव्हता. अशी साडेपाच वर्षे गेली. शेवटी एक जड पिंप उचलताना छातीला इजा झाली, तोंडातून रक्त आले आणि ती नोकरीही सुटली.

नशीब काढायला तो हॅम्बुर्गला गेला आणि तिथून दक्षिण अमेरिकेला निघालेल्या एका जहाजावर हरकाम्या पोऱ्या म्हणून चढला. डिसेंबर १८४१ मध्ये ते जहाज वादळात सापडून हॉलंडच्या टेक्सेल बेटाजवळ फुटले. जीव वाचला, बाकी काही उरले नाही. एकोणीस वर्षांचा हा मुलगा परक्या देशात, परक्या भाषेत, रिकाम्या हाताने आम्स्टरडॅमला पोहोचला.

माळ्यावरची खोली

आम्स्टरडॅममध्ये त्याला एका पेढीत निरोप्याची नोकरी मिळाली. हुंड्यांवर शिक्के मारायचे, पैसे वसूल करून आणायचे, टपालात पत्रे टाकायची आणि आणायची. डोक्याला ताप नाही असे काम. पगार वर्षाला ८०० फ्रँक. त्यातले निम्मे पैसे त्याने शिकण्यावर घालवायचे ठरवले. उरलेल्या निम्म्यात राहणे आणि खाणे. माळ्यावरच्या खोलीत शेकोटी नव्हती, त्यामुळे हिवाळ्यात तो कुडकुडायचा आणि उन्हाळ्यात भाजून निघायचा. सकाळी राईच्या पिठाची पेज, दुपारी अगदी स्वस्तातले जेवण.

पहिली भाषा निवडली इंग्रजी. व्यापाराची भाषा होती, म्हणजे तिच्यात पोट भरण्याची आशा होती. आता तो शिकला कसा, ते शिक्षकांनी नीट पाहण्यासारखे आहे.

तो रोज मोठ्याने वाचायचा, तेही पुष्कळ. वाक्याचे जर्मनीत भाषांतर करत बसायचे नाही, असा त्याने नियम केला. रोज एक तास शिकवणी लावली होती. स्वतःच्या आवडीच्या विषयांवर तो लहान लहान निबंध लिहायचा, शिक्षकाकडून तपासून घ्यायचा आणि दुरुस्त केलेला निबंध पाठ करून दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायचा. दर रविवारी दोनदा इंग्रजांच्या चर्चमध्ये जाऊन बसायचा आणि प्रवचनातला प्रत्येक शब्द हळू आवाजात मागोमाग म्हणायचा. कामावर फिरताना, अगदी पाऊस पडत असला तरी, हातात पुस्तक असायचे. टपाल कचेरीत रांगेत उभे राहायचे तेही वाचतच.

पुस्तके होती दोनच. एक गोल्डस्मिथची ‘द व्हिकार ऑफ वेकफिल्ड’ आणि दुसरी वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’. दोन्ही कादंबऱ्या त्याने इतक्या वेळा वाचल्या की त्या पाठ झाल्या. पहिली कादंबरी एका धर्मोपदेशकाच्या कुटुंबावर संकटे कोसळतात त्याची आहे. धर्मोपदेशकाच्याच पडत्या घरातून आलेल्या या मुलाला ती परकी वाटली नसणार. सुरुवातीला त्याची स्मरणशक्ती बेताचीच होती. रोजच्या सरावाने ती वाढत गेली. रात्री झोप आली नाही तर संध्याकाळी वाचलेले तो अंधारात मनातल्या मनात पुन्हा म्हणायचा.

सहा महिन्यांत इंग्रजी आले. पुढच्या सहा महिन्यांत त्याच पद्धतीने फ्रेंच. तिथेही पुस्तके दोनच : फेनेलाँचे ‘तेलेमाक’ आणि ‘पॉल आणि व्हर्जिनी’. त्यानंतर डच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज या भाषांना प्रत्येकी सुमारे सहा आठवडे पुरले, असे तो सांगतो.

रशियन न समजणारा श्रोता

मार्च १८४४ मध्ये त्याला श्रोडर या मोठ्या व्यापारी पेढीत पत्रव्यवहार आणि हिशेबाचे काम मिळाले. ही पेढी रशियाशी निळीचा व्यापार करायची. रशियन आली तर आपण वर चढू, हे त्याने ओळखले. पण आम्स्टरडॅममध्ये रशियन शिकवणारे कोणी मिळेना. रशियाच्या उपवकिलाला विचारले, तर त्याने नकार दिला.

मग काय केले? एक जुने व्याकरण, एक शब्दकोश आणि ‘तेलेमाक’चे एक सुमार रशियन भाषांतर, एवढी सामग्री त्याने मिळवली. ‘तेलेमाक’ म्हणजे ओडिसियसचा मुलगा, हरवलेल्या वडिलांना शोधायला निघालेला. ही गोष्ट त्याची फ्रेंचमध्ये पाठ होती. म्हणजे पानावर पुढे काय घडणार हे त्याला आधीच माहीत होते, फक्त शब्द नवे होते. रशियन अक्षरे कळू लागल्यावर तो आपल्या मनाने छोटे छोटे उतारे लिहू लागला आणि पाठ करू लागला. चुका दाखवणारे कोणीच नव्हते, तरी त्याने काम थांबवले नाही.

पण एकट्याने भिंतीला म्हणून दाखवायचे कसे? त्याने एक तोडगा काढला. आठवड्याला चार फ्रँक देऊन एका गरीब ज्यू गृहस्थाला ठेवले. त्याने रोज संध्याकाळी दोन तास यायचे आणि श्लीमानचे रशियन वाचन ऐकायचे. गंमत अशी की त्या गृहस्थाला रशियनचे एक अक्षरही कळत नव्हते. ऐकणारा समोर बसलेला आहे, एवढ्याने वाचणाऱ्याला हुरूप यायचा.

त्या घरांमध्ये मजल्यांच्या मध्ये नुसत्या लाकडी फळ्या असायच्या. तिसऱ्या मजल्यावरचा आवाज तळमजल्यावर ऐकू यायचा. शेजाऱ्यांनी मालकाकडे तक्रारी केल्या आणि रशियन शिकता शिकता या गड्याला दोनदा घर बदलावे लागले. सहा आठवड्यांनी त्याने लंडनमधल्या एका रशियन व्यापारी प्रतिनिधीला पहिले रशियन पत्र लिहिले. निळीच्या लिलावासाठी आम्स्टरडॅमला येणाऱ्या रशियन व्यापाऱ्यांशी तो बोलू लागला. जानेवारी १८४६ मध्ये पेढीने त्याला आपला प्रतिनिधी म्हणून सेंट पीटर्सबर्गला पाठवले. तिथे थोड्याच वर्षांत तो श्रीमंत व्यापारी झाला.

होमरची भाषा

ग्रीक शिकायची त्याची जुनी इच्छा होती. किराणा दुकानात असताना एक दारुडा गिरणीवाला तिथे आला होता. त्याने होमरच्या शंभरेक ओळी ग्रीकमध्ये म्हणून दाखवल्या. अर्थ काही समजला नाही, पण त्या नादाने दुकानातला पोरगा हेलावून गेला, असे श्लीमानने पुढे लिहिले आहे. तरीही त्याने ग्रीक मुद्दाम लांबवले. एकदा त्या भाषेची गोडी लागली की धंद्याकडे दुर्लक्ष होईल, ही भीती.

शेवटी १८५६ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्याने सुरुवात केली. आधी आजची बोली ग्रीक. पुन्हा युक्ती तीच. ‘पॉल आणि व्हर्जिनी’चे ग्रीक भाषांतर मिळवले आणि फ्रेंच पुस्तक शेजारी ठेवून शब्दाला शब्द लावत वाचून काढले. एकदा वाचल्यावर निम्म्याहून अधिक शब्द ओळखीचे झाले, दुसऱ्यांदा वाचल्यावर जवळपास सगळेच. शब्दकोश चाळण्यात वेळ गेला नाही. मग तो प्राचीन ग्रीककडे वळला आणि होमर पुन्हा पुन्हा वाचला. शाळांमध्ये मुलांना वर्षानुवर्षे नुसत्या नियमांनी छळतात, तरी त्यांना एक पत्र धड लिहिता येत नाही, अशी त्याची तक्रार होती. नियम आहेत, पण ते वाचता वाचता अंगवळणी पडतात, असे त्याचे मत.

पुढचा इतिहास प्रसिद्ध आहे. धंद्यातून निवृत्त होऊन त्याने जगप्रवास केला, त्यात भारतही पाहिला. त्याचे पहिले पुस्तक चीन आणि जपानवर, १८६७ मध्ये पॅरिसला निघाले, आणि ते त्याने फ्रेंचमध्ये लिहिले होते. १८७० पासून तुर्कस्तानातील हिसार्लिकच्या टेकडीवर ट्रॉय शोधायला सुरुवात केली. १८७६ मध्ये ग्रीसमधील मायसीनी येथे सोन्याने भरलेल्या कबरी सापडल्या. २६ डिसेंबर १८९० रोजी इटलीतील नेपल्स येथे त्याचे निधन झाले.

दुसरी बाजूही पाहू

थोरांची चरित्रे सांगताना आपण फक्त चांगले तेवढे सांगतो. ते बरोबर नाही. श्लीमान घाईचा माणूस होता. ट्रॉयला त्याने इतक्या जोरात खोदकाम केले की ज्या काळातले शहर शोधत होता, त्या काळाचे थर बऱ्याच प्रमाणात नष्ट झाले. त्याला सापडलेला प्रसिद्ध खजिना होमरच्या ट्रॉयपेक्षा सुमारे हजार वर्षे जुना निघाला.

दुसरे असे की त्याच्या भाषाशिक्षणाची बरीचशी हकिगत त्याने स्वतःच सांगितलेली आहे, आणि स्वतःबद्दल वाढवून सांगायची त्याला सवय होती, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तेव्हा सहा आठवड्यांचा आकडा जसाच्या तसा घेऊ नका आणि मुलांना तर मुळीच सांगू नका. नाहीतर सातव्या आठवड्याला पोरगं निराश होऊन बसेल. पण रशियात त्याने रशियन व्यापाऱ्यांशी वर्षानुवर्षे धंदा केला, अनेक भाषांत रोजनिश्या आणि पत्रे लिहिली, आणि ती आजही अथेन्सच्या ग्रंथालयात आहेत. भाषा त्याला येत होत्या, यात शंका नाही.

आपण काय घ्यायचे?

पहिली गोष्ट, पुस्तक कमी पण ओळखीचे. आपण मुलाला एक धडा झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा असे पळवतो. श्लीमानने एका भाषेसाठी दोन पुस्तके घेतली आणि गोष्ट आधीच माहीत असलेले पुस्तक नव्या भाषेत पुन्हा वाचले. आपल्याकडे पंचतंत्र, इसापनीती, अकबर-बिरबल यांच्या गोष्टी मराठीत मुलांना माहीत असतातच. त्याच गोष्टी सोप्या इंग्रजीत द्या. ‘क्रो’ म्हणजे कावळा हे सांगावे लागणार नाही, माठात खडे कोण टाकतं ते मुलाला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट पाठांतराची. शब्दांच्या याद्या पाठ करणे आणि अर्थ कळलेली गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून पाठ होणे, यात फार फरक आहे. यादीतला शब्द परीक्षेनंतर जातो. गोष्टीतला शब्द गोष्टीसकट राहतो.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. इंग्रजीच्या वेळी श्लीमानला निबंध तपासून देणारा शिक्षक होता आणि त्याचा त्याने पुरेपूर उपयोग केला. वाचन मुलाने करायचे, पण त्याने लिहिलेल्या चार ओळी तपासून देणे हे काम आपलेच आहे.

आणि चौथी गोष्ट, खास पालकांसाठी. आम्हाला इंग्रजी येत नाही, असे म्हणून मागे सरू नका. आम्स्टरडॅमच्या त्या गृहस्थालाही रशियन येत नव्हते. तो फक्त रोज वेळेवर यायचा आणि ऐकत बसायचा. त्याला त्यासाठी चार फ्रँक मिळायचे. तुमच्या घरी आजी आहे, आजोबा आहेत, तुम्ही स्वतः आहात. भाकरी थापता थापता, भाजी निवडता निवडता पंधरा मिनिटं पोराला म्हणा, वाच बघू मोठ्याने. अडखळला तर अडखळू द्या. शेवटी फक्त एक विचारा, काय झालं रे गोष्टीत? तो मराठीत सांगेल. त्याने सांगितलेले तुम्हाला कळले, म्हणजे त्याला इंग्रजी कळले.

येत्या पालकसभेत ही गोष्ट जरूर सांगा.