डेम कॅरोलाइन हॅझलेट : विजेला कठडा

मोशेच्या नियमशास्त्रांत एक लहानशी आज्ञा आहे. नवें घर बांधणाऱ्यानें धाब्याच्या सभोंवार कठडा बांधावा, म्हणजे तेथून कोणी पडून मेल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येणार नाहीं, असा तिचा भावार्थ आहे. वर चढणाऱ्यानें सावध असावें, एवढेंच सांगून नियमशास्त्र थांबत नाहीं. बांधणाऱ्यानेंच आधीं काळजी वाहावी, असें तें सांगतें. आमच्या आजच्या घरांत धाब्याइतकीच जोखमीची एक वस्तु हात पोंचेल इतक्या अंतरावर भिंतींत बसलेली असते. ती म्हणजे विजेचें सॉकेट. त्यालाहि कठडा असलाच पाहिजे, असा आग्रह धरणाऱ्या एका इंग्रज बाईंचें चरित्र आम्ही यंदा आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

कॅरोलाइन हॅझलेट यांचा जन्म ता. १७ ऑगस्ट १८९५ रोजीं इंग्लंडांतील ससेक्स परगण्यांत वर्थ या गांवीं झाला. वडील रेल्वेकडे सिग्नलांच्या यंत्रांचे कारागीर होते. लहानपणीं या मुलीची प्रकृति नाजूक असे. हेवर्ड्स हीथ येथील शाळेंतील शिक्षण संपल्यावर त्यांनीं लंडनमध्यें कारकुनी कामाचें शिक्षण घेतलें, व बॉयलर तयार करणाऱ्या कॉक्रन कंपनीच्या कचेरींत नोकरी धरली. स्त्रियांस मताचा अधिकार मिळावा म्हणून चाललेल्या चळवळींतहि त्या सामील झाल्या होत्या. पुढें पहिलें महायुद्ध आलें. पुरुष रणांगणावर गेले आणि कारखान्यांचीं दारें स्त्रियांस थोडीं उघडलीं. ही संधि साधून हॅझलेट बाईंनीं टेबलावरील कागद बाजूस सारले, आणि स्कॉटलंडांत ॲनन येथें त्याच कंपनीच्या कारखान्यांत जाऊन यंत्रकामाची प्रत्यक्ष ओळख करून घेतली.

१९१९ सालीं इंग्लंडांत स्त्री-इंजिनिअरांची एक संस्था निघाली. तिच्या पहिल्या चिटणीस म्हणून बाईंची नेमणूक झाली, तेव्हां त्यांचें वय अवघें तेवीस-चोवीस वर्षांचें होतें. संस्थेचें नियतकालिकहि त्याच संपादीत. १९२४ सालीं मेबल मॅथ्यूज नांवाच्या एका बाईंनीं, विजेचा उपयोग घरकामांत कसा करावा हें सामान्य गृहिणींस शिकवावें, अशी योजना मांडली. मोठमोठ्या संस्थांनीं ती नाकारली. परंतु हॅझलेट बाईंस तिचें मोल तत्काळ कळलें. त्याच वर्षीं त्यांनीं स्त्रियांची विद्युत्‌संस्था उभारली, आणि पुढें १९५६ पर्यंत तिची धुरा वाहिली.

या कामाची निकड कशांत होती, हें समजण्यास त्या काळचें घर डोळ्यांपुढें आणावें लागेल. पाणी वाहणें, कोळसा पेटविणें, कपडे धुणें, यांतच स्त्रीचा जन्म सरत असे. वीज हें ओझें हलकें करूं शकते, असा बाईंचा दृढ विश्वास होता. परंतु वीज आली तरी ती बहुधा दिव्यापुरतीच येई. भिंतींत सॉकेट एखादेंच असे, किंवा मुळींच नसे. मग इस्त्रीची तार दिव्याच्या खोबणींतच अडकविली जाई. सॉकेटेंहि एका मापाचीं नसत. कोठें दोन अँपिअरचें, कोठें पांचाचें, कोठें पंधराचें. एका खोलींतील प्लग दुसऱ्या खोलींत बसेना. मग लोक तारा जोडून कसें तरी काम भागवीत, आणि त्या कसें तरी भागविण्यांतच आग व मृत्यु दबा धरून बसत.

बाईंनीं या अज्ञानावर दोन बाजूंनीं चाल केली. एकीकडे त्यांनीं गृहिणींस शिकविलें. व्याख्यानें झालीं, वर्ग निघाले, १९३४ सालीं स्त्रियांकरितां विजेवरील एक मोठें मार्गदर्शक पुस्तक त्यांच्या संपादकत्वाखालीं प्रसिद्ध झालें, आणि १९३५ सालीं ब्रिस्टल शहरांत सर्व कामें विजेवर चालणारें एक नमुन्याचें घर संस्थेनें बांधून दाखविलें. दुसरीकडे गृहिणींच्या अडचणी त्यांनीं इंजिनिअरांच्या कानीं घातल्या. स्वयंपाकघरांत उभी राहणारी स्त्री नकाशा काढणाऱ्यास कांहीं शिकवूं शकते, ही गोष्ट त्या काळीं नवीनच होती.

दुसरें महायुद्ध चालूं असतां, युद्धोत्तर घरांत वीज कशी खेळवावी हें ठरविण्यासाठीं विद्युत्-इंजिनिअरांच्या संस्थेनें वीस जणांची एक समिति नेमली. त्या विसांत स्त्री एकच होती, ती म्हणजे हॅझलेट बाई. समितीचा अहवाल १९४४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या आधारें १९४७ सालीं ब्रिटनचें तेरा अँपिअरचें प्रमाणित सॉकेट ठरलें. हें सर्व एकट्या बाईंचें कर्तृत्व होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु लहान मुलांच्या रक्षणासाठीं सॉकेटाचीं छिद्रें झांकलेलींच असावींत, ही जी अट समितीनें घातली, तिच्यामागें बाईंची कळकळ उभी होती, असें मानलें जातें.

त्या सॉकेटाची रचना विद्यार्थ्यांनीं लक्षांत घेण्यासारखी आहे. प्लगाला तीन पिना असतात; त्यांपैकीं जमिनीशीं जोडलेली, म्हणजे अर्थिंगची पिन सर्वांत लांब असते. ती आधीं आंत शिरते, आणि तिच्या दाबानेंच प्रवाहाच्या छिद्रांवरील झडपा बाजूस होतात. रांगतें मूल कुतूहलानें एखादा खिळा खालच्या छिद्रांत घालूं लागलें, तर झडप त्यास अडविते. प्रत्येक प्लगांत स्वतःचा फ्यूज असतो. शिवाय घरभर वळसा घालून मुख्य फ्यूजाकडे परत येणारी तारेची योजनाहि त्याच वेळीं पुढें आली. तिच्यामुळें थोड्या तांब्यांत पुष्कळ सॉकेटें बसवितां येऊं लागलीं. सॉकेटें पुरेशीं असलीं म्हणजे लोंबत्या तारांचें जाळें आपोआप नाहींसें होतें, हें त्यांतील मर्म होय.

आतां आपण आपल्या घराकडे वळूं. आपल्याकडे प्लगाच्या पिना गोल असतात, सॉकेटें सहा व सोळा अँपिअरचीं असतात, आणि प्लगांत फ्यूज नसतो. म्हणून सर्व भिस्त भिंतींतील तारेवर व मुख्य फळ्यावरील साधनांवर असते. हजार वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर सुमारें ४.३ अँपिअर प्रवाह घेते; तिच्या जोडीस दीड हजार वॅटची किटली लावली, तर दोन्ही मिळून सुमारें अकरा अँपिअर होतात. सहा अँपिअरच्या एकाच सॉकेटावर फांटे लावून हीं दोन्ही चालविणें म्हणजे तार तापवून घर पेटविण्याची तयारी करणेंच होय. खरा उपाय एकच : नवें सॉकेट रीतसर बसवून घ्यावें. तें काम परवाना असलेल्या वायरमनाकडूनच करवावें. मेन स्विच बंद करून, वीज नाहीं हें पारखूनच भिंतीस हात लागावा. भार पाहून तार जाड घ्यावी. बटण प्रवाहाच्या तारेंत असावें. नळाजवळ सॉकेट बसवूं नये. झडपांचेंच सॉकेट घ्यावें. आणि गळती होतांच प्रवाह तोडणारें ३० मिलिअँपिअरचें साधन फळ्यावर असावें.

यांत एक गोष्ट आम्हांस विशेष सांगावयाची आहे. पुष्कळदां खर्च वांचविण्यासाठीं दोनच तारा ओढतात, आणि अर्थिंगचें तिसरें छिद्र शोभेपुरतें मोकळें राहतें. बाहेरून पाहणाऱ्यास कठडा दिसतो, पण टेकूं गेलें तर तो तेथें नसतो. कठडा नसलेल्या धाब्यावर मनुष्य निदान जपून तरी चालतो. खोट्या कठड्यावर तो विश्वासानें रेलतो. फ्रिज किंवा धुलाई-यंत्राचा पत्रा विजेनें भारला गेला, तर त्या मोकळ्या छिद्राची किंमत घरांतील कोणास तरी प्राणानें भरावी लागते.

हॅझलेट बाईंस १९४७ सालीं डेम ही पदवी मिळाली. त्याच वर्षीं, ब्रिटनचा वीजधंदा सरकारनें आपल्याकडे घेतला तेव्हां, त्याच्या मध्यवर्ती मंडळावर त्यांची नेमणूक झाली; हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. १९५६ सालीं त्या संस्थेच्या कामांतून निवृत्त झाल्या, व ता. ४ जानेवारी १९५७ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या नांवाचा उच्चारहि ज्यांनीं कधीं ऐकला नाहीं, अशा असंख्य घरांत आज मुलें निर्भयपणें रांगत आहेत. कठड्याचें असेंच असतें. तो ज्याला वांचवितो, त्याला तें कधीं कळतहि नाहीं. शेजाऱ्यावर प्रीति करणें हें केवळ आजाऱ्यास भेटण्यांत किंवा भुकेल्यास भाकरी देण्यांत संपत नाहीं. भिंतीच्या आंत, कोणाच्याहि दृष्टीस न पडणारी तिसरी तार प्रामाणिकपणें जोडणें, हीहि प्रीतीच होय. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं पुढें इंजिनिअर होतील, कांहीं वायरमन होतील, आणि बहुतेक सर्व घरधनी होतील. त्यांनीं बांधलेल्या घरांत तिसरें छिद्र मोकळें राहूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.