अण्णासाहेब किर्लोस्कर

मुंबईच्या उपनगरांत हौशी नाटकमंडळींची परंपरा जुनी आहे. पार्ले, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा वस्त्यांतून गणेशोत्सव जवळ आला, की रात्री तालमी सुरू होतात. दिवसभर कचेरीत लेखणी झिजविणारा कारकून रात्री राजा होतो, शाळेतील गुरुजी नारद होतात आणि पेटीच्या सुरांबरोबर सारी आळी जागी राहते. नाटकावर या मंडळींचे पोट चालत नाही. पण त्यांचा जीव मात्र नाटकावर असतो. मराठी संगीत रंगभूमीचा भक्कम पाया घालणारा पुरुषही मुळात असाच एक नोकरदार हौशी नट होता. त्यांचे नाव बळवंत पांडुरंग किर्लोस्कर. महाराष्ट्र त्यांना अण्णासाहेब म्हणून ओळखतो.

अण्णासाहेबांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी कर्नाटकातील गुर्लहोसूर या गावी झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी सांगली येथे विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ हा खेळ करून मराठी नाटकाचा आरंभ केला. मराठी रंगभूमी आणि तिचा हा थोर उपासक अशी दोघे एकाच वर्षी जन्मास आली.

घरात कानडी आणि मराठी या दोन्ही भाषांचे संस्कार होते. दोन्हीकडील गाणी बळवंताच्या कानांवर लहानपणापासून पडत. पुढे धारवाड, कोल्हापूर व पुणे येथे त्यांचे शिक्षण झाले. परंतु पुण्यास आल्यावर पुस्तकांपेक्षा नाटकांचीच ओढ त्यांना अधिक लागली. फिरत्या नाटक मंडळ्यांना ते पदे रचून देऊ लागले. इ. स. १८६६ मध्ये त्यांनी स्वतःची एक नाटक मंडळीही उभारून पाहिली. त्या काळी नाटकात काम करणाऱ्याकडे समाज आदराने पाहत नसे. सुशिक्षित घरातील मुलाने तोंडाला रंग लावावा, हे वडीलधाऱ्यांना मुळीच रुचत नसे. अण्णासाहेबांनी पुढे बेळगावास शिक्षकाची नोकरी केली आणि नंतर पुण्यास रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत ते कामाला लागले. चरितार्थाची सोय झाली. मात्र नाटकाचा ध्यास काही सुटला नाही.

इ. स. १८८० मध्ये पुण्यास एका पारशी मंडळीने ‘इंद्रसभा’ नावाचे संगीत नाटक केले. ते पाहून अण्णासाहेबांच्या मनाने घेतले, की मराठीतही असे नाटक झाले पाहिजे. भाव्यांच्या परंपरेतील खेळांत गाणी असत, पण ती मुख्यतः सूत्रधार म्हणे. पात्रे मागाहून आपली भाषणे आयत्या वेळी रचून बोलत. दुसरीकडे, लिहून काढलेली गद्य नाटके होती; त्यांत बांधेसूद संवाद होते, पण गाणे नव्हते. मुंबईत सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी १८७९ मध्ये ‘नलदमयंती’ हे संगीत नाटक करून या दिशेने एक पाऊल टाकले होते. अण्णासाहेबांनी ती वाट रुंद केली. ज्याचे सुख त्यानेच गावे आणि ज्याचे दुःख त्यानेच आळवावे, ही साधी गोष्ट त्यांनी रंगभूमीवर रुजविली.

या कामासाठी त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ निवडले. कचेरीचे काम सांभाळून त्यांनी त्याचे मराठी रूपांतर आरंभिले. मोरोबा वाघोलीकर आणि बाळकोबा नाटेकर हे गोड गळ्याचे गायक त्यांना मिळाले. मोरोबा दुष्यंत झाले, बाळकोबा कण्व झाले आणि स्वतः अण्णासाहेब सूत्रधार म्हणून उभे राहिले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यातील आनंदोद्भव नाटकगृहात पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. नाटक पुरे होण्याची वाट न पाहता केलेला तो प्रयोग लोकांनी डोक्यावर घेतला, आणि किर्लोस्कर नाटक मंडळीचे नाव सर्वतोमुखी झाले.

दोन वर्षांनी अण्णासाहेबांनी ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणले. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी त्याचे पहिले तीन अंक झाले आणि पुढील वर्षी संपूर्ण नाटक लोकांसमोर आले. कथा महाभारतातील असली, तरी तिचा बाज घरगुती आहे. बलरामाला आपली बहीण सुभद्रा दुर्योधनास द्यावयाची आहे; सुभद्रेचे मन अर्जुनावर जडले आहे. अर्जुन संन्याशाचा वेष घेतो, आणि भाबडा बलराम त्याच ढोंगी संन्याशाच्या सेवेस आपल्या बहिणीला ठेवतो! खरा प्रकार ठाऊक असलेला श्रीकृष्ण मात्र गालातल्या गालात हसत असतो. द्वारकेतील हे थोर कुटुंब आपल्या शेजारच्या घरासारखे बोलते, रुसते आणि चिडते. म्हणूनच प्रेक्षकांना ते आपले वाटले.

या नाटकात शंभराहून अधिक पदे आहेत. साकी, दिंडी, ओवी, लावणी यांच्या चाली, कीर्तनातील ढंग आणि कर्नाटकातील सूर यांचा त्यांत मेळ आहे. ज्या चाली लोक घरी, देवळात आणि जत्रेत ऐकत, त्याच त्यांना रंगभूमीवर भेटल्या. त्याच सुमारास बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळीत आले. स्त्रियांच्या भूमिका तेव्हा पुरुषच करीत. भाऊरावांच्या सुभद्रेने रसिकांना वेड लाविले.

यशाचे हे दिवस फार टिकले नाहीत. १८८४ मध्ये ‘रामराज्यवियोग’ या नव्या नाटकाचे तीन अंक रंगभूमीवर आले. उरलेले अंक लिहून व्हायचे होते. परंतु २ नोव्हेंबर १८८५ रोजी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, अण्णासाहेबांचे निधन झाले. पूर्वीची दोन्ही नाटके अर्धी रंगभूमीवर आणून त्यांनी मागाहून पुरी केली होती. हे तिसरे मात्र अपुरेच राहिले.

नाटक अपुरे राहिले, पण मंडळी मोडली नाही. भाऊरावांसारख्या सहकाऱ्यांनी ती नेटाने चालविली. बेळगावच्या शाळेतील त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी पुढे ‘शारदा’ आणि ‘संशयकल्लोळ’ ही नाटके लिहून गुरूचा वारसा वाढविला. १९०५ मध्ये बालगंधर्व याच मंडळीत दाखल झाले. एका माणसाच्या हौसेतून जे उभे राहिले, ते अनेकांच्या हातांनी वाढले.

मुलुंडच्या एका नाट्यगृहाला महाकवी कालिदासाचे नाव दिलेले आहे. त्या कालिदासाच्या शकुंतलेला मराठीत गाती करणारा पुरुष कचेरीत नोकरी करीत होता, हे तेथे जाणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी ठेवावे. दिवसभराचा शीण विसरून एखादा नोकरदार रात्री तालमीस उभा राहतो आणि पहिले पद आळवू लागतो, तेव्हा त्याने धरलेली वाट अण्णासाहेबांचीच असते.