विश्लेषण : ताऱ्यांच्या अंतराची मोजपट्टी देणाऱ्या हेन्रिएटा लेविट कोण होत्या?

तारा मंद दिसतो तो मुळातच मंद म्हणून, की दूर आहे म्हणून? हा पेच हार्वर्ड वेधशाळेत तासाला ३० सेंट मजुरीवर काचेवरची छायाचित्रे तपासणाऱ्या हेन्रिएटा लेविट (१८६८-१९२१) यांनी सोडवला. त्यांना ऐकू कमी येई. छोट्या मॅगेलन मेघातले २५ सेफिड तारे त्यांनी पाहिले. सारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. ज्याचा उजळण्या-मंदावण्याचा काळ मोठा, तो अधिक तेजस्वी, हे १९१२ मध्ये स्पष्ट झाले. म्हणजे काळावरून खरे तेज आणि त्यावरून अंतर. निबंधाखाली सही मात्र संचालक पिकरिंग यांची! पुढे याच मोजपट्टीने हबल यांनी देवयानी ही स्वतंत्र दीर्घिका असल्याचे दाखवले. १९२५ मध्ये स्वीडिश गणिती मिताग-लेफ्लर यांनी नोबेल शिफारशीच्या विचाराने लेविट यांना पत्र धाडले. त्यांना जाऊन तीन वर्षे उलटली होती.